जर्मनचं पातेलं, मालवणचा नट आणि आपल्या घरावरचा पत्रा

आजची पोस्ट लांब आहे. राजकारण थोडं आहे, पण मुख्य विषय गंजाचा आहे. चहा घेऊन बसा, सवडीनं वाचा. घरावर पत्रा असेल, शेतात सोलर असेल किंवा गावात कुठं सरकारी काम चालू असेल, तर हे तुमच्या कामाचं आहे.

मागच्या पंधरवड्यात वलांडीच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गेलो होतो. गेलो होतो दुसऱ्याच बातमीसाठी. मामांनी हाताला धरून सोलरच्या प्लेटांखाली नेलं आणि वर बोट दाखवलं. "पत्रकार साहेब, हे बगा. मीठ फुटल्यावाणी काय दिसलालंय हे?"

प्लेटची चौकट अ‍ॅल्युमिनियमची. खालच्या कडेला, जिथं क्लिप आणि नट-बोल्ट बसतो तिथं, पांढरी भुकटी फुगून आली होती. नखानं खरवडली तर खाली धातूला टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे. बोल्ट तांबूस झालेला. शेजारच्या चार बोल्टांना काही झालेलं नव्हतं, हे दोनच असे.

मामा म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियमला गंज चढत नसतोय म्हणून सांगितलं होतं की."

असं सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं आपल्या आयांना-आज्यांना माहीत होतं. आपल्याकडं अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. माझी आई जर्मनच्या पातेल्यात चहा करायची, पाणी तापवायची, पण लोणचं, ताक, चिंचेचं सार त्यात कधी ठेवू द्यायची नाही. "आंबट-खारट जर्मनला खातंय," एवढंच तिचं शास्त्र. एकदा मी मीठ घातलेली कैरी रात्रभर त्यात ठेवली आणि सकाळी पातेल्याच्या बुडाला बारीक बारीक खड्डे पडलेले बघून तिच्या शिव्या खाल्ल्या. मामांच्या प्लेटला जे झालं होतं ते आणि त्या पातेल्याला जे झालं होतं ते एकाच जातीचं.

जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. अ‍ॅल्युमिनियम हा खरं तर हवेशी लगेच संयोग पावणारा धातू. ताजा कापला की क्षणात हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याच्यावर एक पापुद्रा तयार होतो. तो इतका पातळ की डोळ्यांना दिसत नाही, पण घट्ट. तोच त्याचं कवच. लोखंडाचा गंज पोकळ असतो, सुटून पडतो आणि खालचं नवं लोखंड उघडं पाडतो. अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा सुटत नाही, म्हणून 'गंज चढत नाही' असं आपण म्हणतो. पण मीठ आलं की खेळ बदलतो. मिठातलं क्लोराइड हे कवच बारीक बारीक जागी भेदतं, आणि एकदा भेदलं की त्याच जागी खोल जातं. वरून सगळं ठीक दिसतं, आत भोक पडत असतं. बाहेर येते ती पांढरी भुकटी.

म्हणून अ‍ॅल्युमिनियमवर मुद्दाम जाड कवच चढवतात. एक पद्धत अ‍ॅनोडायझिंगची. धातू आम्लाच्या टाकीत बुडवून वीज सोडायची, म्हणजे तोच नैसर्गिक पापुद्रा हजारो पटीनं जाड होतो. मग गरम पाण्यात धरून त्याची छिद्रं बंद करायची. ही पद्धत कुठून आली ठाऊक आहे का? १९२३ साली इंग्लंडमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट या दोघांनी ती काढली, समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्यात टिकावेत म्हणून. म्हणजे या विद्येचा जन्मच समुद्राच्या मिठापायी झालेला आहे. दुसरी पद्धत पावडर कोटिंगची. आधी धातू धुऊन त्यावर रसायनाचा हात द्यायचा, मग पावडर उडवून भट्टीत भाजायची. खिडक्यांच्या रंगीत फ्रेमा असतात त्या बहुतेक अशाच.

हे थर मोजतात मायक्रॉनमध्ये. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा. अ‍ॅनोडायझिंगसाठी आपल्या देशाचं मानक आहे, आयएस १८६८. त्यात प्रती आहेत, आणि प्रतीचा आकडा म्हणजेच थराचे मायक्रॉन : ५, १०, १५, २०, २५. घरातल्या वस्तूला पाच-दहा चालतात. समुद्रकाठी, बाहेर उघड्यावर असेल तर वीस-पंचवीस लागतात. पावडर कोटिंग साठ मायक्रॉनच्या खाली नसावं असं सर्वसाधारण धरतात. आणि गंमत अशी की पाच मायक्रॉनची चौकट आणि पंचवीस मायक्रॉनची चौकट शेजारी ठेवली तर तुम्हा-मला फरक कळणार नाही. दोन्ही सारख्याच चकाकतात.

इथंच सगळी चोरी होते.

लोखंड कमी वापरलं तर वजनात कळतं. सिमेंट कमी घातलं तर हातानं भुगा होतो, गावातलं पोरगंही व्हिडिओ काढतं. थर कमी दिला तर उद्घाटनाच्या दिवशी कोणालाच कळत नाही. उलट त्या दिवशी ते काम सगळ्यात देखणं असतं. कळतं ते दोन-तीन पावसाळ्यांनी, आणि तोवर बिल निघालेलं असतं, अनामत परत गेलेली असते, साहेबांची बदली झालेली असते.

आता मालवण. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचं पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा कोसळला. नऊ महिनेसुद्धा पूर्ण झाले नाहीत. त्यावर कोण काय बोललं हे तुम्हाला पाठ आहे. वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता असं सांगितलं गेलं. पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. विरोधकांनी जोडे मारो आंदोलन केलं. टीव्हीवर आठवडाभर दुसरं काही नव्हतं.

पण त्या गदारोळात एक कागद होता, त्याच्याकडं जेवढं बघायला पाहिजे होतं तेवढं कोणी बघितलं नाही. पुतळा पडायच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्यानं नौदलाला पत्र लिहिलं होतं. मतलब एवढाच, की पाऊस आणि समुद्राचं खारं वारं यामुळं पुतळ्याच्या जोडकामातले नट-बोल्ट गंजू लागलेत, कायमस्वरूपी उपाय करा.

पुतळा का पडला याची कारणं एकट्या गंजात नाहीत. आतला सांगाडा, वेल्डिंग, आराखडा या सगळ्याची चर्चा झाली आणि ती कोर्टाची बाब आहे, मी त्यात पडत नाही. माझा मुद्दा त्या पत्रापुरता आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभ्या केलेल्या कामातले नट नऊ महिन्यांत गंजलेले डोळ्यांना दिसतात, याचा अर्थ काय? त्या नटावर जो थर पाहिजे होता तो नव्हता, किंवा तो नट त्या जागी वापरायचाच नव्हता. आणि हे बसवताना कोणी मोजलं नाही. मोजायचं यंत्र हातात मावतं, आणि ज्यांनी हे काम केलं त्यांच्यापैकी कोणालाही परवडलं असतं.

त्याच मालवणच्या समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली बांधकाम सुरू झालं. पायाचे चिरे शिसं ओतून बसवले असं परंपरेनं सांगतात. शिसंच का? खाऱ्या पाण्यात लोखंड टिकत नाही, शिसं टिकतं, हे त्या काळच्या कारागिराला माहीत होतं म्हणून. त्याच्याकडं मायक्रॉन नव्हते. जागा कुठली आणि तिथं धातू कुठला, एवढा विचार मात्र होता.

राजकोटावर नवा पुतळा उभा राहिला, ११ मे २०२५ ला. साठ फुटी, ब्राँझचा. आतल्या सांगाड्याला या वेळी स्टेनलेस स्टील वापरल्याचं आणि दहा वर्षं देखभालीची जबाबदारी ठेकेदारावर टाकल्याचं सांगितलं गेलं. चांगलं झालं. पण हेच पहिल्यांदा का सुचलं नाही, हा प्रश्न राहतोच.

आता कोणीतरी म्हणेल, "भाऊ, देवणीला कुठं समुद्र आलाय?" बरोबर आहे. आपल्याकडून समुद्र चारशे किलोमीटरच्याही पुढं. पण मीठ इथंही आहे, फक्त वाऱ्यानं येत नाही. परत मामांच्या रानात चला.

मी त्या दिवशी मग बातमी सोडली आणि प्लेटांखाली बसून सगळं बघितलं. मामांनी प्लेटांच्या सावलीला फळ्या टाकून खताची पोती रचली होती. सावली मिळते, पाऊस थोडा आडतो, सोयच आहे. त्यात लाल पोटॅशची पोती. आता लाल पोटॅश म्हणजे काय? पोटॅशियम क्लोराइड. खाण्याच्या मिठाचा सख्खा चुलत भाऊ. त्यात वजनाच्या जवळजवळ निम्मा क्लोराइड. पोतं उघडलं की त्याची धूळ वर उडते, चौकटीच्या खालच्या कडेला बसते. पहाटे दव पडलं की ती ओली होते, आणि ती धूळ हवेतला ओलावाही धरून ठेवते. म्हणजे मामांनी आपल्या प्लेटांसाठी स्वतःचा छोटा समुद्रच तयार केला होता.

दुसरं, प्लेटा धुवायला बोअरचं पाणी. आपल्या भागातल्या किती बोअरला खारं पाणी लागतं हे मी सांगायला नको. बादलीला पांढरा थर चढतो, तोच चौकटीला चढतो. धुऊन पुसलं नाही की पाणी उडून जातं, क्षार राहतात.

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. ते दोन बोल्ट. गेल्या उन्हाळ्यात वादळात दोन क्लिपा सैल झाल्या होत्या. कंपनीचा माणूस येईना म्हणून मामांनी गावातल्याच एका मिस्त्रीला बोलावलं, त्यानं बाजारातून नवे बोल्ट आणून बसवले. बाजारात जो चकचकीत, निळसर झाक असलेला बोल्ट मिळतो त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो विजेनं दिलेला, पाच-आठ मायक्रॉनचा. मूळ सांगाड्याला जस्त चढवतात ते वितळलेल्या जस्तात बुडवून. जाड लोखंडाला ऐंशी मायक्रॉनच्या आसपास थर बसतो. दिसायला तो मळकट, खरबरीत, बिनचकाकीचा. मिस्त्रीनं चकाकणारा उचलला. तुम्ही-मीही तोच उचलला असता.

तो पातळ मुलामा एका पावसाळ्यात संपला. उघडं लोखंड अ‍ॅल्युमिनियमला टेकलं, मध्ये खारं पाणी. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली. तिच्यात एक धातू दुसऱ्यासाठी झिजतो. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीत झिजायची पाळी अ‍ॅल्युमिनियमवर येते. तांबं असेल तर त्याहून वाईट. अर्थिंगची तांब्याची तार थेट अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला गुंडाळलेली मी किती ठिकाणी बघितली आहे. ती चौकट खायला लावलेली वाळवीच समजा.

मामांना म्हटलं, पोती हलवा, बोल्ट स्टेनलेसचे घाला, प्लेटा धुतल्यावर फडक्यानं पुसा, आणि चौकटीला जाळी, दोरी, तार काही बांधायला भोक पाडू नका. भोक पाडलं की अ‍ॅनोडायझिंगचा थर तिथं फुटतो आणि आत कच्चा धातू उघडा पडतो. मामा म्हणाले, "हे बसवतानाच सांगायला काय झालं होतं त्यांना?"

खरंच, काय झालं होतं? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी पाच टक्के हिस्सा भरतो, बाकी अनुदान. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे. योजना चांगली आहे, मी तिच्या विरोधात नाही, दिवसा पाणी मिळतंय हे मी डोळ्यांनी बघतोय. पण प्लेटा पंचवीस वर्षं चालतात असं सांगून दिल्या जातात आणि हमी पाच वर्षांची. मधल्या वीस वर्षांचं कवच कोण सांभाळणार? शेतकरी. मग बसवायला आलेल्या माणसानं त्याला दहा मिनिटं हे समजावून सांगायला नको? एक पान मराठीत छापून द्यायला किती लागतं?

आणि मामांनो, काकांनो, तुम्हीही एक करा. हमीच्या काळात बोल्ट सैल झाला तर बाजारातून आणून बसवू नका. लेखी तक्रार करा, तारखेसकट फोटो काढून ठेवा. फोनवर "हो हो, माणूस पाठवतो" एवढ्यावर भागवू नका. आपण तोंडी बोलतो आणि समोरचा कागदावर जिंकतो, हे मी वीस वर्षं पत्रकारितेत बघतोय.

आता पत्र्याचं सांगतो, कारण हे माझ्याच घरावर घडलंय.

१९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्यानंतर आपल्या भागातल्या माणसाच्या मनात दगडमातीच्या माळवदाची भीती बसली आणि पत्रा आला. भूकंपानंतर लोक महिनोन् महिने पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. तेव्हापासून पत्रा आपल्या डोक्यावर आहे तो आहेच. घर, गोठा, दुकान, शाळेची वर्गखोली, मंदिराचा सभामंडप, सगळीकडं.

आज बाजारात मिळणारा रंगीत पत्रा बहुतेक वेळा आतून लोखंडाचा असतो आणि त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताच्या मिश्रणाचा थर असतो. साधारण पंचावन्न टक्के अ‍ॅल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त, थोडं सिलिकॉन. त्यावर रंग. म्हणजे इथं अ‍ॅल्युमिनियम स्वतःच लोखंडाचं कवच झालंय. हा थर किती, हे पत्र्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं : एझेड आणि पुढं आकडा. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम थर. एझेड ७० म्हणजे ७० ग्रॅम. निम्म्याहून कमी. पुढून दोन्हींचा निळा रंग अगदी सारखा.

मी माझ्या घरामागच्या शेडला पत्रा घेतला तेव्हा दुकानदाराला काय विचारलं? जाडी किती आणि भाव किती. कोटिंग विचारलंच नाही. त्यानंही सांगितलं नाही. काही वर्षांत कापलेल्या कडांना आणि स्क्रूच्या भोवती लाली चढली. मग शिडी लावून मागं वाचलं, तेव्हा कळलं की मी सगळ्यात पातळ थराचा माल घेतला होता. पत्रकार असून. जगाला माहितीचा अधिकार शिकवणारा मी, घरावरच्या पत्र्याची मागची बाजू वाचली नाही. यात दुकानदाराची चूक किती आणि माझी किती हे मी अजून ठरवतोय.

गोठ्याचं वेगळं आहे. आपली देवणी म्हणजे देवणी गाईचा मुलूख. वानेरा, बालंक्या, शेवरा अशी नावं घेऊन लोक अभिमानानं जनावर दाखवतात. आणि त्या लाख-लाखाच्या जनावराच्या डोक्यावर जो पत्रा असतो तो त्या जागेसाठी बनलेलाच नसतो. गोमूत्र, शेण, त्यातून निघणारा अमोनिया आणि कोंडलेली वाफ, हे सगळं पत्र्याच्या खालच्या बाजूला जाऊन बसतं. या प्रकारचा पत्रा बनवणाऱ्या कंपन्या हमीपत्रात जनावरांच्या बंदिस्त गोठ्याला बहुधा वगळतात. अगदी समुद्रकाठालाही वगळतात. म्हणजे कंपनीच्या लेखी आपला गोठा आणि मालवणचा किनारा एकाच रांगेत. गोठा उंच करा, वरच्या कडेला वारा जायला फट ठेवा, खालची बाजू वर्षातून एकदा साध्या पाण्यानं धुवा. नुसतं वारं खेळलं तरी पुष्कळ फरक पडतो.

खिडक्यांचंही जाता जाता. नवीन घर बांधणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या गिलाव्याच्या आधी बसवल्या असतील तर त्यावर टेप लावून घ्या. ओलं सिमेंट आणि चुना अ‍ॅनोडायझिंगला डाग पाडतात, ते डाग मग निघत नाहीत. आणि फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला जे अ‍ॅसिड वापरता ना, त्याची वाफही खिडक्यांना खाते. तेही क्लोराइडच.

या सगळ्यात मला एसटी आठवते. आपली लाल परी वर्षानुवर्षं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची होती. रंग उडायचा, पत्रा चेपायचा, खडखड वाजायचा, पण गंजून भोक पडलेली बाजू क्वचित दिसायची. अलीकडं अपघातात प्रवासी वाचावेत म्हणून बांधणी लोखंडाची केली. कारण योग्य आहे, माणसाच्या जिवापुढं पत्रा काय. पण लोखंड घेतलं की रंगाची आणि देखभालीची जबाबदारी दुप्पट होते, तेवढा पैसा आगारांना मिळतोय का? कोकणातल्या आगारांना विचारा.

आता मुख्य मागणी. आपल्याकडं कुठलंही सरकारी काम झालं की मोजमाप पुस्तिका भरतात, एम.बी. म्हणतात तिला. लांबी, रुंदी, जाडी, वजन सगळं लिहितात, त्यावर बिल निघतं. शाळेच्या शेडपासून स्मशानभूमीच्या पत्र्यापर्यंत आणि पाण्याच्या टाकीच्या शिडीपासून चौकातल्या हायमास्टपर्यंत, धातूच्या प्रत्येक कामाला त्या पुस्तिकेत एक रकाना असावा : थर किती मायक्रॉन, कुठल्या तारखेला, कोणी मोजला. निविदेत आकडा बहुतेक वेळा असतो हो. जस्ताच्या थराचं मानक असतं, रंगाचे हात लिहिलेले असतात. पण ते प्रत्यक्ष किती भरलं हे पडताळलं जात नाही. कागदावर तीन हात, पत्र्यावर दीड हात.

ठेकेदार मित्र म्हणतील, "साहेब, दर परवडत नाही, तुम्हाला काय जातंय बोलायला." मान्य. दर खाली ओढून काम घेतलं की कुठंतरी कापावं लागतं आणि जे दिसत नाही तेच कापलं जातं. म्हणूनच मोजायचं म्हणतोय. सगळ्यांचंच मोजलं तर सगळ्यांनाच दर त्या हिशेबानं भरावा लागेल, प्रामाणिक ठेकेदार मार खाणार नाही. आज मार तोच खातोय.

आणि हेही खरं, की देवणीत मालवणची प्रत मागायची गरज नाही. इथल्या खिडकीला पंचवीस मायक्रॉन लागत नाहीत, दहा-पंधरा पुरतात. उगाच महागडं मागितलं तर तेही कोणीतरी निविदेत घालून पैसे खाईल आणि देईल पाचच. जागा बघून आकडा ठरवा, आणि ठरवला तेवढा द्या.

ग्रामसभेत एवढं विचारायला कोणाची परवानगी लागत नाही. "शेडच्या पत्र्यामागं एझेड किती छापलंय?" सरपंचाला, ग्रामसेवकाला उत्तर आलं नाही तर शिडी घेऊन सगळ्यांनी मिळून बघा. मी दोन गावांत हा प्रश्न विचारून आलोय. एका गावात मला चहा मिळाला. दुसऱ्या गावात "तुम्हाला काय काम नाही का" असं विचारलं. त्या दुसऱ्या गावची शेड मी पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहे.

मामांचा परवा फोन आला होता. पोती हलवली, बोल्ट स्टेनलेसचे घातले, उदगीरहून आणले, दोन्ही मिळून चहा-भज्याच्या पैशात आले म्हणे. मी विचारलं, "आणि ती पांढरी भुकटी?" त्यांनी शेवाळ काढल्यासारखी नारळाच्या काथ्यानं घासून काढली होती. म्हटलं, मामा, काथ्यानं घासू नका हो, राहिलेला थरही जाईल. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "आता राहिलाच किती असंल?"

तुमच्या पत्र्याच्या मागं काय छापलंय त्याचा फोटो मला पाठवा. गावाचं नाव आणि पत्रा कधी घेतला ते लिहा. दुकानाचं नाव नको. शंभर फोटो आले की तालुक्याचा एक तक्ता करून इथंच टाकतो.